हत्यार ठेवणाऱ्याचे म्हणणे

सरकारने नागरिकांजवळच्या बंदुका रोख पैसे मोजून विकत घ्यावयाच्या आणि मोडीत काढावयाच्या, अशी योजना आपल्या देशात सार्वत्रिक स्वरूपात कधी झालेली नाही. परदेशात ती झाली आहे आणि तिचे गोडवे आपल्याकडेही गायिले जातात. शेजारच्या उल्हासनगरात २ फेब्रुवारी २०२४ रोजी खुद्द पोलीस ठाण्याच्या चार भिंतींत गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हापासून तर विठ्ठलवाडीच्या टपऱ्यांवर "कशाला हवेत परवाने? सगळ्यांच्या बंदुका काढून घ्या, हवे तर पैसे टाका त्यांच्या अंगावर" असे बोलणे मी अनेकदा ऐकले आहे. हे बोलणारे सज्जन आहेत. त्यांच्या घरी बंदूक नाही, इतकेच. ज्याच्या घरी ती आहे त्याचे म्हणणे काय, हा प्रश्न त्यांच्या मनात येत नाही, आणि इतिहासाची पुस्तकेही तो फारशी विचारीत नाहीत. आज तो विचारावयाचा आहे.

आधी परदेशची हकीकत थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियात २८ एप्रिल १९९६ रोजी पोर्ट आर्थर येथे एका माणसाने पस्तीस जणांना ठार मारले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी राज्यांची संमती मिळवून अर्धस्वयंचलित रायफलींवर व तत्सम बंदुकांवर बंदी आणली आणि वर्षभरात साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन गोळा केल्या. हा पैसा आरोग्य-विम्यासाठी घेतल्या जाणाऱ्या करात तात्पुरती वाढ करून उभा केला. पैसे दिले ते केवळ उदारपणाने नव्हे. त्या देशाच्या घटनेत, केंद्र सरकारने नागरिकाची मालमत्ता घेतली तर न्याय्य मोबदला दिला पाहिजे असे कलम आहे. तरीही बंदूकवाल्यांचा राग एवढा होता की जून १९९६ मध्ये सेल या गावच्या सभेत हॉवर्ड कोटाखाली गोळी न शिरणारे जाकीट घालून उभे राहिले. तेथील शेतकऱ्यांचे व शिकाऱ्यांचे गाऱ्हाणे एका वाक्याचे होते : खून एकाने केला आणि शिक्षा आम्हाला.

न्यूझीलंडने १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींत झालेल्या एकावन्न हत्यांनंतर हाच मार्ग धरला. तेथे भावाचे कोष्टकच होते. नवी असल्यासारखी बंदूक असेल तर मूळ किमतीच्या ९५ टक्के, वापरलेली पण चांगली असेल तर ७० टक्के, खराब असेल तर २५ टक्के. भंगारवाला घासाघीस तरी करतो. येथे भाव ठरविणारा आणि घेणारा एकच. ब्राझीलचा अनुभव याहून बोलका आहे. तेथे २००४ च्या जुलैपासून सव्वा वर्ष चाललेल्या मोहिमेत लोकांनी आपण होऊन साडेचार लाखांच्या वर हत्यारे सरकारला विकली. आता जनमत तयार झाले असे समजून सरकारने २३ ऑक्टोबर २००५ रोजी हत्यारांच्या विक्रीवर बंदी घालावी काय, असा कौल मागितला. चौसष्ट टक्के लोकांनी नाही म्हणून सांगितले. म्हणजे घरातली जुनी बंदूक विकणे वेगळे आणि बंदूक ठेवण्याचा हक्क विकणे वेगळे. पहिली गोष्ट माणूस पैशासाठी करतो. दुसरीसाठी तो समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो. हा मागणारा कोण, तो माझ्याकडेच का मागतो, आणि हत्यार गेल्यावर माझे काय होणार, हे तो पाहतो.

हे तीन प्रश्न आपल्या मुलखात पावणेदोनशे वर्षांपूर्वीच विचारले गेले आहेत. उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असता १८५७ च्या सप्टेंबरात कलकत्त्याच्या कौन्सिलाने त्या वर्षाचा अठ्ठाविसावा कायदा केला. हत्यारे व दारूगोळा यांची आयात, बनावट, विक्री आणि बाळगणूक यांवर त्याने सरकारी परवान्याचा अंमल बसविला. त्याची झळ दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांना व जहागिरींना ताबडतोब लागली. कोल्हापुरात त्याच जुलैत सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला होता, म्हणून इंग्रजांचे लक्ष या भागावर विशेष होते. मुधोळच्या घोरपडे संस्थानात हलगली म्हणून एक गाव आहे. आज ते कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात मोडते. गावात बेरडांची वस्ती. बेरड म्हणजे आपल्या रामोशांचे सख्खे भाऊबंद. शिकार करावी, राखण करावी, संस्थानिकाने बोलाविले तर शिबंदीत जावे. शेती असली तर जेमतेम.

कायद्याचे कागद वाचले तर सरकारची मागणी नोंदीची व परवान्याची दिसते. पण नोंद ही उद्याच्या जप्तीची यादी होय, असाच अर्थ हलगलीकरांनी घेतला असला पाहिजे. आणि बंडाच्या त्या वर्षात तो अर्थ चुकीचा होता असे कोण म्हणेल? त्यांनी हत्यारे दाखविण्यास नकार दिला. नोव्हेंबर १८५७ मध्ये बागलकोटहून फौज आली, गावावर हल्ला झाला, घरे पेटविली गेली. पुष्कळ माणसे मारली गेली, शेकड्यांनी धरली गेली आणि त्यांतील एकोणीस जणांना डिसेंबरात फाशी देण्यात आले. तेरा मुधोळला आणि सहा हलगलीत, त्यांच्याच गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत.

या प्रसंगावर कानडीत एक लावणी झाली. जडगा, बाला, हनुमा, रामा ही त्या बेरडांची नावे तिच्यामुळे राहिली आहेत. ती टिपून ठेवून छापणारा मनुष्य म्हणजे मुंबई इलाख्याचा एक इंग्रज सनदी अधिकारी, जे. एफ. फ्लीट, शिलालेख वाचण्यात ज्याचे नाव मोठे तोच. फाशी देणाऱ्या सरकारच्याच नोकराने फाशी गेलेल्यांचे गाणे जतन करावे, हा इतिहासाचा एक चमत्कारिक न्याय आहे. माझ्या कामासाठी मला त्या गाण्यापेक्षा त्यामागची परिस्थिती महत्त्वाची वाटते. बेरडाची बंदूक आणि तलवार ही त्याच्या घरातली शोभेची वस्तू नव्हती. सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा, तसे ते त्याच्या पोटाचे अवजार होते. ते घेणाऱ्याने "याच्या बदल्यात तू काय करणार?" हे विचारले नाही. त्या वेळी त्याला हत्यारामागे दोन रुपये देऊ केले असते तर काय झाले असते? माझ्या मते फार फरक पडला नसता. दोन रुपये एकदा मिळतात. राखणीचा मुशाहिरा दरसाल मिळतो.

इंग्रजांना हे कळत नव्हते असे नाही. तीस वर्षे आधी पुरंदरच्या परिसरात त्यांनी नेमके हेच करून पाहिले होते. १८१८ साली पेशवाई गेली, गडांवरच्या राखणीच्या नेमणुका गेल्या, आणि रामोशांची हत्यारे हातात राहिली तरी त्यांमागची भाकरी गेली. उमाजी नाईक बंड करून उठला. त्याला पकडता येईना, तेव्हा सरकारने त्याला माफी दिली, जमीन दिली, दरमहा पगार लावून दिला आणि बंदोबस्ताच्याच कामावर घेतले. हत्यार हिरावून न घेता हत्याराचे काम विकत घेण्याची ही युक्ती होती. ती टिकली नाही. उमाजी पुन्हा उठला, १८३१ च्या अखेरीस पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी गेला. पगार मिळाला तो मुख्यतः नाईकाला आणि त्याच्या जवळच्यांना. डोंगरपट्टीतल्या बाकीच्या रामोशांचे गेलेले वतन गेलेलेच राहिले. पुढाऱ्याला सामील करून घेतले की तंटा मिटला, असे समजणारे मालक मीही पाहिले आहेत.

१८५७ च्या कायद्यानंतर १८६० चा आला आणि त्यानंतर १८७८ चा अकरावा कायदा, ज्याला आपण हत्यारांचा कायदा म्हणून ओळखतो. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. देशी भाषांतील वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच साली, त्याच हाताने झाला. या हत्यारांच्या कायद्याविषयी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. आपल्या पुढाऱ्यांचा मुख्य राग परवाना लागतो म्हणून नव्हता. परवाना कोणाला लागत नाही, यावरून होता. युरोपियनाला लागत नसे. युरेशियनाला लागत नसे. काही पदवीधारी बड्या लोकांना सूट होती. बाकी साऱ्या हिंदी लोकांना मात्र तो हवा. चहाच्या मळ्यावरचा गोरा कारकून बंदूक खांद्याला लावून खुशाल हिंडे, आणि ज्याच्या गोठ्यातले वासरू बिबळ्याने नेले त्या कुणब्याने मामलेदार कचेरीचे उंबरे झिजवावेत, असा तो न्याय होता.

काँग्रेस जन्माला येऊन दोनच वर्षे झाली होती, तरी १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यावर ठराव आला. तरुण बिपिनचंद्र पाल यांनी त्या वेळी केलेले भाषण प्रसिद्ध आहे. पुढची कित्येक वर्षे हा विषय अधिवेशनांतून निघत राहिला. महात्मा गांधी अहिंसेचे पुजारी. परंतु १९१८ साली खेड्यात सैन्यभरतीचे पत्रक काढताना त्यांनी साऱ्या राष्ट्राची हत्यारे काढून घेणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या पातकांत अत्यंत काळा ठरविला, आणि जानेवारी १९३० मध्ये व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना लोकांच्या नियंत्रणाखाली मिळावा ही एक होती. त्याच यादीत मिठावरचा कर होता. मीठ आपल्या लक्षात राहिले, बंदूक राहिली नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यातही, नियमांना धरून हत्यार बाळगण्याचा हक्क नागरिकाला दिला होता. सूत कातणाऱ्यांनी बंदुकीचा हक्क का मागावा? वस्तूची गरज होती म्हणून नव्हे. ती काढून घेताना जो अविश्वास दाखविला गेला, तो परत घ्यावा म्हणून.

वांशिक सवलती १९२० च्या नियमांनी काढून टाकल्या गेल्या. एक सूट मात्र शिल्लक राहिली ती आजतागायत. कूर्गच्या लोकांनी १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांना त्रास दिला नाही, म्हणून १८६१ साली त्यांना हत्यारबंदीतून वगळण्यात आले. स्वतंत्र भारताच्या सरकारनेही ती सूट चालू ठेवली; २०१९ मध्ये तिला दहा वर्षांची मुदतवाढ मिळाली. कैलपोद या सणाला ते लोक बंदुकीची फुले वाहून पूजा करतात. मुधोळच्या बेरडाला फास आणि कोडगूच्या कोडवाला सूट! दोघांच्या हातात बंदूकच होती. पण पहिल्यावर सरकारचा विश्वास नव्हता, दुसऱ्यावर होता.

कायद्याने हत्यारे जातात काय, याचीही परीक्षा लगेच झाली. कायदा १८७८ चा, आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी धामारीवर धाड घातली. शिरढोणचा हा माणूस. १८१८ साली इंग्रजांपुढे कर्नाळा किल्ला खाली करावा लागला त्या किल्लेदाराचा हा नातू. त्याच्या मागे कोण उभे राहिले? रामोशी. ज्यांना हत्याराच्या बदल्यात कोणी काही दिले नव्हते तेच.

स्वातंत्र्य आल्यावर हा जुना हक्क घटनेत घालावा असे काहींना वाटले. हरि विष्णु कामत यांनी तशी दुरुस्ती घटनासमितीत आणली. १९४८ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारही तो मागतील, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती नामंजूर झाली. मला हे योग्यच झाले असे वाटते. ज्या गावात सवर्णाच्या वाड्यावर बंदूक असे आणि वेशीबाहेरच्या वस्तीत काठीही मोजून असे, त्या गावाला आंबेडकर ओळखत होते. सर्वांना हक्क दिला तर तो वापरणार कोण, हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही. पुढे १९५९ चा हत्यारांचा कायदा झाला. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला आणि १८७८ चा कायदा गेला.

यानंतर बंदुका मुद्दाम खाली ठेवल्या गेल्याचे दोन मोठे प्रसंग घडले, दोन्ही चंबळच्या खोऱ्यात. पहिल्याचे श्रेय आपल्या पेण तालुक्यातल्या गागोदे गावी जन्मलेल्या विनोबांचे. मे १९६० मध्ये पदयात्रा करीत ते त्या घळींत गेले आणि वीसेक बागी त्यांच्यापुढे आले. मानसिंगाच्या टोळीतला लुक्का त्यांत होता. पैसा नाही, वचन नाही, खटले चालतील, शिक्षा होईल असे स्पष्ट सांगितलेले. मध्य प्रदेशचे तेव्हाचे पोलीसप्रमुख रुस्तमजी यांना हा प्रकार मुळीच पसंत पडला नाही. आम्ही जीव धोक्यात घालून माणसे धरावयाची आणि मोठेपणा मात्र गुन्हेगारांना मिळावयाचा, ही पोलिसांची तक्रार समजण्यासारखी आहे. दुसरा प्रसंग एप्रिल १९७२ चा. जयप्रकाश नारायण यांच्यापुढे जौरा येथे माधोसिंग, मोहरसिंग आणि त्यांच्या मागोमाग शेकड्यांनी बागी आले. माधोसिंग आधी वेष पालटून, ठेकेदार म्हणून, जयप्रकाशांना पाटण्यात भेटून आला होता.

त्या वेळी या लोकांनी काय मागितले ते पाहण्यासारखे आहे, कारण हत्यारवाल्याने स्वतः मांडलेले असे मागणीपत्रक फार थोड्या ठिकाणी सापडते. आम्हाला फाशी होऊ नये. आम्ही तुरुंगात असताना बायकामुलांच्या पोटाची सोय व्हावी, जमीन मिळावी. ज्यांच्याशी वैर आहे त्यांच्यापासून व पोलिसांच्या जाचापासून घरच्यांचे रक्षण व्हावे. पुढे मुंगावलीला त्यांच्यासाठी खुले कारागृह झाले. त्यांच्या हाती दुर्बिणीच्या रायफली होत्या, बाजारात त्यांना भारी किंमत आली असती. मागणीपत्रकात बंदुकीच्या किमतीचा मुद्दाच नव्हता.

आपल्या राज्यात गडचिरोलीत आज जी योजना आहे, तिच्यात मात्र तो मुद्दा आहे. २००५ पासून नक्षलवाद्यांच्या आत्मसमर्पणाची योजना चालू आहे. माणसासाठी पुनर्वसनाची रक्कम आणि त्याने आणलेल्या हत्यारासाठी हत्याराच्या जातीप्रमाणे वेगळी रक्कम. आपल्या देशात बंदुकीला सरकारी भाव मिळतो तो येथे. आणि तो परवानाधारक शेतकऱ्याला नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा पुढारी भूपती साठ साथीदारांसह तेथे शरण आला, चोपन्न हत्यारे खाली ठेवली गेली. ही फार मोठी घटना आहे आणि मी तिला कमी लेखीत नाही. पण हत्यारामागच्या रकमेसाठी कोणी वीस-तीस वर्षांचे जंगल सोडीत नाही, हे सरकारही जाणते. म्हणूनच त्या योजनेत घर, काम आणि शिक्षण यांची कलमे आहेत.

येथे माझ्या धंद्यातला एक दाखला देतो. १९९० नंतर आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात कारखान्यांमागून कारखान्यांनी ऐच्छिक निवृत्तीच्या योजना आणल्या. एका कारखान्याच्या फाटकावर मी त्या वेळी महिनाभर बसून होतो. रक्कम वाईट नव्हती. तरी पन्नाशीचे फिटर आणि टर्नर कागद हातात धरून बसून राहात, सही करीत नसत. त्यांना विचारले तर आकड्याविषयी कोणी बोलत नसे. "साहेबांच्या केबिनी तशाच राहणार, जागा फक्त आमच्याच जास्त झाल्या होय?" हे एक. "उद्या सकाळी सातला मी डबा घेऊन कुठे जाऊ?" हे दुसरे. बंदूक आणि यंत्र यांची तुलना करू नये हे मला कळते. एक मारते, दुसरे पोसते. परंतु पैसे देऊन माणसाच्या हातातली वस्तू काढून घेताना तो जे बोलतो, ते दोन्हीकडे सारखेच ऐकू येते.

आता हल्लीच्या कायद्याकडे येऊ. १९८३ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीन बंदुकांची मर्यादा घातली. २०१९ च्या नोव्हेंबरात सरकारने ती एकावर आणण्याचे विधेयक मांडले. ताबडतोब ओरड झाली. नेमबाजीचे खेळाडू, फौजेतून निवृत्त झालेले, आणि ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांपासूनच्या बंदुका चालत आल्या आहेत अशी जुनी घराणी यांनी हरकती घेतल्या. सरकार एक पाऊल मागे आले, मर्यादा दोनवर थांबली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये कायदा झाला. तिसरी बंदूक वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावयाची. तिचा मोबदला सरकार देणार नाही. मालकाने हवे तर परवाना असलेल्या माणसाला विकावी. आता देशभर सगळ्यांची तिसरी बंदूक एकाच वर्षी विक्रीला निघाली तर तिचा भाव काय राहणार, हे भाजीबाजारात बसणारी बाईसुद्धा सांगेल. ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्याला निदान कोष्टकातला भाव मिळाला. आपल्या माणसाला पावती.

तरीसुद्धा वाडवडिलांच्या बंदुकीविषयी जो गहिवर काढला जातो त्याने मी फारसा हलत नाही. भिंतीवरची तिसरी बंदूक गेल्याने कोणाची चूल विझत नाही. हौसेचा हक्क आणि पोटाचा हक्क एकाच तागडीत घालता येत नाहीत. मला बोलावयाचे आहे ते निराळ्या बंदुकीविषयी.

१९५९ च्या कायद्याच्या तेराव्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. कोकणात तिला ठासणीची बंदूक म्हणतात. नळीत दारू घालावी, वर बोळा ठासावा, केप बसवावी आणि बार काढावा. एकदा बार काढला की पुन्हा भरेपर्यंत डुक्कर दोन शेते ओलांडून जाते. या बंदुकीने कोणी पोलीस ठाण्यात दंगा केलेला माझ्या ऐकिवात नाही. बहुतेक वेळा ती आवाजापुरतीच असते, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर डुकराला मारावयाचे तर वनखात्याची परवानगी लागते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत, गोव्यात, आणि आपल्या मुरबाड-शहापूरकडेही अशा बंदुका आहेत. परवाना बापाच्या नावाचा, बाप गेल्यावर मुलाने वारस म्हणून अर्ज करावयाचा, तो अर्ज तहसील, पोलीस ठाणे, जिल्हाधिकारी असा फिरत राहावयाचा.

दर निवडणुकीला या बंदुका जमा होतात. आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप येतो. शेतकरी बंदूक खांद्यावर टाकून एस.टी.ने किंवा पायी तालुक्याला जातो, पावती घेतो आणि निकालानंतर आठवडाभराने पुन्हा हेलपाटा घालून ती सोडवून आणतो. जातानाचे आणि येतानाचे भाडे त्याचे. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ च्या निकालात सरसकट जमा करून घेण्यास हरकत घेतली आहे. कोणाचे हत्यार घ्यावयाचे ते त्या माणसाची परिस्थिती पाहून छाननी समितीने ठरवावे, असाच निवडणूक आयोगाचाही दंडक आहे. गुन्हे दाखल असलेल्याचे, जामिनावर सुटलेल्याचे, पूर्वी निवडणुकीत दंगल केलेल्याचे हत्यार जरूर घ्यावे. पण कचेरीतल्या माणसाला एकेकाची परिस्थिती पाहण्यापेक्षा सगळ्यांना एकच कागद पाठविणे सोपे जाते.

आता पंचांग काढून पाहा. २०१९ ची विधानसभेची आचारसंहिता २१ सप्टेंबरला लागली, मतदान २१ ऑक्टोबरला, मोजणी २४ ला. हळवे भात दसऱ्याच्या आगेमागे कापणीला येते. २०२४ ची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मोजणी २३ नोव्हेंबरला झाली. गरवे भात तेवढ्याच दिवसांत पिकते. त्याच वर्षी लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चपासून जूनपर्यंत होती. काजू आणि आंबा दोन्ही त्यात आले, आणि माकडे मतदानाची वाट पाहात थांबत नाहीत. म्हणजे एका वर्षात दोनदा, नेमक्या राखणीच्या दिवसांत, राखणीची बंदूक तालुक्याच्या ठाण्यात भिंतीला टेकून उभी होती.

मुरबाडकडच्या शेतकऱ्यांशी या विषयावर मी बोललो आहे. बंदूक सरकारला विकाल काय, असे मी त्यांना मुद्दाम विचारले. एका म्हाताऱ्याने उलट विचारले, "तिच्याजागी काय देणार?" मी म्हटले, पैसे. तो म्हणाला, "पैसे राहू देत. कुंपण द्या. तारेचे कुंपण रानाच्या कडेने घालून द्या, आणि बंदूक आजच घेऊन जा. मला तरी ती ठासायचा काय सोस आहे?" बाकीच्यांचे त्याच्याशी एकमत नव्हते; कुंपणाखालून डुक्कर उकरून येते, म्हणून बंदूकही हवी, असे दोघांनी सांगितले. वनखात्याकडून पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळते, पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत उरलेले भातही कापावे लागते, ही तक्रार मात्र सगळ्यांची होती. निवडणुकीत बंदूक न्यावयाची असेल तर त्या महिन्यापुरते पंचनामे आठ दिवसांत व्हावेत आणि बंदूक गावातच, पोलीस पाटलाकडे, जमा करून घ्यावी, अशी दोन कलमे त्यांनी मला लिहून घ्यावयास लावली. कागद मी खिशात घातला आहे. अजून त्यावर सह्या गोळा करावयाच्या आहेत.